बाविसावा वाटा

१२ ऑक्टोबर १९५७, सकाळचे सव्वासात. ही वेळ मी नक्की सांगू शकतो, कारण आमच्या माडांच्या बागेतला रहाट सातला सुटत असे आणि बैल गोठ्यात बांधून मी किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत पाव तास जाई. त्या सकाळी मी समुद्राकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून उभा होतो, आणि माझ्या तोंडून एक नाव गेले. ते जायला नको होते. त्या नावाचा धनी चार दिवसांपूर्वी त्याच समुद्रात बुडाला होता. माझ्या आठवणींच्या लेखनात मी आतापर्यंत तारखा टाळत आलो आहे. वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो आणि लिहिणाऱ्याला त्यांचा अभिमान होतो. ही एक राहू द्यावी.

आमचे घर मालवणच्या उत्तरेला, चालत दीड तासाच्या अंतरावर, किनाऱ्याला लागून होते. घरात वडील, आई, वडिलांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. पन्नास-साठ माड, एक विहीर, एक रहाट आणि एक बैल, एवढ्यावर घर चाले. घराचा दिवस रहाटाच्या आवाजाने सुरू होई. लाकडावर लाकूड घासल्याचा तो कण्हण्यासारखा आवाज पहाटेपासून सात वाजेपर्यंत अखंड चाले. तो थांबला की मागून समुद्र ऐकू येऊ लागे. म्हणजे समुद्र सगळा वेळ तिथेच असे, पण त्याला बोलायची पाळी सातनंतर मिळे. आई चुलीवर पेज ठेवी. उकड्या तांदळाची घट्टसर पेज, बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर आंब्याची फोड. आत्या बालविधवा होती, लहानपणीच माहेरी परत आलेली. तिचा हात कामाला जड नव्हता आणि जीभ बोलायला जड नव्हती. कुळथाची पिठी तिने करावी आणि ती वाढताना ज्याला वाढते त्याची उणीदुणी काढावी, अशी रीत होती. पिठी चांगली असल्यामुळे कोणी उलट बोलत नसे.

कोणी नसे म्हणजे दिगू सोडून. दिगू माझा मित्र. माझ्याहून एका वर्षाने मोठा, सातवीनंतर शाळा सोडून बापाबरोबर दर्यावर गेलेला. त्याचे वडील धाकूकाका आमच्या वाडीतल्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते. पेजेच्या वेळेला दिगू हटकून आमच्या पडवीत हजर असे.

"दर्यार म्हावरां गावणा नाय काय रे," आत्या विचारी, "पेजेक रोज आमच्याकडे येतंस तो?"

"गावता गो आत्ये. पण तुझ्याएवढां तिखट गावणा नाय."

आत्या त्याच्या पेजेवर बांगड्याचा आणखी एक तुकडा टाकी आणि मला म्हणे, "बघ. तुका चार बुकां शिकवून तोंड उघडूक येणा नाय." ते खरे होते. आजही येत नाही.

रापण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. होडी जाळे घेऊन किनाऱ्यापासून आत जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडीत परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभी राहिलेली माणसे ओढीत राहतात. दोन तास, कधी तीन. जाळे वर आले की मोठी मासळी मालवणच्या बाजाराकडे रवाना होई, आणि उरलेल्या मासळीतून प्रत्येकाच्या घरच्या कालवणाचा वाटा निघे. आमची रापण लहान, बावीस माणसांची. वाळूवर मासळीचे बावीस वाटे मांडले जात. मांडताना कितीही काळजी घेतली तरी एक वाटा जरा भरीव होतो, एक जरा हलका. भांडण होऊ नये म्हणून रीत अशी होती की एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राही. तांडेल कोणत्याही एका वाट्यावर काठी टेकवून विचारी, "ह्यो कोणाचो?" पाठ केलेल्याने एक नाव घ्यायचे. घेतलेल्या नावाचा तो वाटा. मग दुसरा वाटा, दुसरे नाव. एकदा घेतलेले नाव मागे घेता येत नाही, ही यातली एकच अट. "नाव गिळूचां नाय" असे जुने रापणकर म्हणत.

नाव घेणारा रापणीतला नसावा लागे, कारण रापणीतल्याला स्वतःचा वाटा असतो. आमच्या घराचा जाळ्यात काही हिस्सा नव्हता. मी समोर राहत होतो, सकाळी मोकळा होतो, सगळी नावे न अडखळता घेत होतो. दोन वर्षे ते काम माझ्याकडे होते. त्याबद्दल दोन बांगडे मिळत. नावांचा क्रम मी रोज बदलीत असे, तेवढी बुद्धी मला होती. पण त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर दिगूला अर्ध्याऐवजी पुरा वाटा मिळू लागला आणि त्याचे स्वतंत्र नाव यादीत आले, तेव्हापासून ते नाव मी नेहमी तिसरे घेऊ लागलो. पहिले घेतले तर लोक हसतील, शेवटी घेतले तर तो रागावेल, म्हणून तिसरे. बाकीची नावे फिरत राहिली. हे कोणाच्या लक्षात आले नाही. दिगूच्या आले. तिसऱ्या वेळेला काठी टेकली की तो घसा खाकरीत असे.

आता पुस्तकाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या मास्तरांच्या पेटीत काही पुस्तके होती. मुलाने खाली बसून, हात धुऊन, ती वाचावीत असा नियम होता. त्यांतले एक जपानी मुलांच्या कादंबरीचे मराठी रूपांतर होते. वेष्टन नव्हते, पहिले पान फाटलेले, त्यामुळे मूळ लेखक कोण आणि मराठीत कोणी आणले ते मला कधी कळले नाही. दोन मित्रांची कथा होती. एक कोळसे पाडणाऱ्याचा मुलगा, दुसरा छत्र्या करणाऱ्याचा. एका धुक्याच्या सकाळी ओहोटी इतकी लांब जाते की समुद्राच्या तळाची एक वाट उघडी पडते. त्या वाटेने ते दोघे पाण्याखालच्या एका गावात पोहोचतात. माणसांनी हरवलेल्या सगळ्या वस्तू त्या गावात नीट लावून ठेवलेल्या असतात. बटणे, लाकडी पादत्राणे, पतंग, एक आंधळे मांजर. गावाला एक घंटा आहे आणि ती सतत वाजत राहिली नाही तर वाट मिटते. म्हणून परत जाताना दोघांपैकी एकाने मागे राहून घंटा वाजवायची, आणि पुढच्या मोठ्या ओहोटीला दुसऱ्याने येऊन त्याला न्यायचे, असे ठरते. छत्रीवाल्याचा मुलगा मागे राहतो. कोळसेवाल्याचा मुलगा वर येतो, दिवस मोजतो, ओहोटीच्या सकाळी किनाऱ्यावर उभा राहतो. "पाण्याखालून घंटेचा आवाज आला आणि" इथे पान संपत होते. पुढची सगळी पाने वाळवीने खाल्ली होती. आत पुठ्ठ्याची कोरी बाजू तेवढी उरली होती.

माझी नात म्हणते की असले पुस्तक तिच्या फोनवर पाच मिनिटांत सापडेल. मी नको म्हणालो. तिला त्याचे कारण समजले नाही, आणि मी दिले नाही.

दिगूने ते पुस्तक माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि मग बोट लावून स्वतः एकदा वाचले. होडीच्या मांडवात, दोरांच्या वेटोळ्यांवर बसून आमचा वाद चाले.

"तो येतलो," दिगू म्हणे.

"येवचो नाय. येवचो असतो तर गोष्ट कित्या लिवली असती?"

"मेल्या, तुका काय्येक कळणा नाय. घंटा वाजता म्हणजे तो जितो आसा."

"घंटा दुसरो कोणय वाजवीत असतलो."

"थंय दुसरो आसा कोण? आंधळां मांजर?"

मी म्हणे, "पुढची पानां गावली की बघूया."

"आणि नाय गावली तर माझां खरां."

"तुझां कित्या?"

"मी मोठो," दिगू म्हणे, आणि वाद संपे.

त्याच्या जाण्याविषयी मी थोडेच लिहिणार आहे. जाळे आतल्या खडपाला, पाण्याखालच्या खडकांना, अडकले. असे होत असे. दिगू पोहण्यात पटाईत, होडीतून त्याने उडी मारली, एकदा वर येऊन "सुटाक नाय" असे ओरडून सांगितले आणि परत खाली गेला. त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून मी किनाऱ्यावरच्या दोराला हात लावला होता. दोर हातात ताठ होता, तो एकदम हलका झाला. जाळे सुटले हे आम्हा सर्वांना डोळ्यांच्या आधी हातांना कळले, आणि आमच्यातला एक जण आनंदाने ओरडला. आम्ही ओढू लागलो. पाच-सहा हात दोर आत आल्यावर होडीतून धाकूकाकांचा आवाज आला की थांबा. ओरडणारा मी होतो की दुसरा कोणी, हे मला आज सांगता येत नाही. मी असावा.

तीन दिवस होड्या दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे फिरल्या. काही मिळाले नाही. चौथ्या दिवशी धाकूकाकांनीच सांगितले की जाळे घाला. एवढ्या चुली किती दिवस रिकाम्या ठेवणार? रापण लागली. मासळी बेताचीच आली. वाटे धाकूकाकांनी स्वतः मांडले. मी पाठ करून उभा राहिलो. समोर समुद्र शांत होता, पाणी मागे हटत होते.

"ह्यो कोणाचो?"

"बाबल्याचो."

"ह्यो कोणाचो?"

"भिवाचो."

"ह्यो कोणाचो?"

"दिगूचो."

मागे कोणी हलले नाही. मी वळू शकत नव्हतो, कारण नाव घेणाऱ्याने शेवटचा वाटा जाईपर्यंत वळायचे नसते. एक लाट आली, फुटली, परत गेली. दुसरी आली. मग काठी पुढच्या वाट्यावर टेकल्याचा वाळूतला आवाज मी ऐकला आणि धाकूकाकांनी नेहमीच्या स्वरात विचारले, "ह्यो कोणाचो?" मी उरलेली नावे घेतली. वळलो तेव्हा सगळे आपापले वाटे उचलीत होते आणि तिसरा वाटा तसाच पडून होता. दोन बांगडे, मूठभर पेडवे, एक सौंदाळा. दिगूची आई, भागीकाकी, बायकांत मागे उभी होती. चार दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतले नव्हते. ती पुढे आली, वाळूत बसली, आणि एकेक मासा उचलून टोपलीत घातला. वाळू झटकून, सावकाश. उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "दर्यान् नाव सोडूक नाय."

मी चूक केली होती. भागीकाकीने ती कौल म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते नाव वगळायचे असे ठरवून मी उभा राहिलो. भागीकाकी टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे आली होती. पाठीला डोळे नसतात असे म्हणतात. तिसऱ्या वाट्याला मी दिगूचे नाव घेतले. तिसऱ्या दिवशी घेतले, चौथ्या दिवशी घेतले. धाकूकाका रोज बावीस वाटे मांडीत, कारण बावीस नावे येत होती. मी रोज बावीस नावे घेई, कारण बावीस वाटे मांडलेले असत. यातून कोणी बाहेर पडेना.

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात. शेजारच्या गावचे भटजी येऊन सगळे समजावून गेले. भागीकाकी दारात बसून होती. ती एवढेच म्हणाली, "वाटो घेता तेचे दिवस घालतत खंय?" भटजींकडे त्याला शास्त्र नव्हते. रापणीतले दोन वडीलधारे धाकूकाकांकडे गेले. ते म्हणाले, "नाव घेणारो मी नाय." मग ते आमच्या वडिलांकडे आले. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर मला जवळ बोलावले.

"तू रापणीचो नाय, म्हणान तुका थंय उभो केलो," ते म्हणाले. "कोणी सांगता म्हणान नाव सोडू नको, आणि कोणी रडता म्हणान घेव नको."

"मगे काय करू?"

"तां माका ठाऊक असतां तर मीच उभो ऱ्हवलंय असतंय."

आत्या चुलीपाशी होती. तिने मागे न बघता म्हटले, "गाठ मारूक अक्कल लागणा नाय. सोडवूक लागता." त्या दिवशी पिठीला मीठ जास्त झाले होते. तिच्या हातून असे कधी होत नसे.

भागीकाकी ती मासळी शिजवीत नव्हती. धाकूकाकांच्या वाट्याचे कालवण होई. दिगूच्या वाट्याची मासळी ती चिरून, मिठात घोळून, मोठ्या चिनी मातीच्या भरणीत थरावर थर लावीत होती. "इलो की खातलो," असे तिने मला सांगितले, कारण मी विचारले होते. मी रोज दुपारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जात होतो. तिनेच बोलावले होते. "त्या पुस्तकात काय आसा रे यशा? दिगू जेवताना पण तांच सांगत होतो. माका वाचून दाखव." मास्तरांना विचारून मी पुस्तक पुन्हा घरी आणले. मागच्या पडवीत ती उन्हाळ्यातली कोकमाची सोले पुन्हा वाळत घाली, मासे चिरी, आणि मी वाचीत असे. रोज आठ-दहा पाने. तिला समुद्राखालचे गाव खोटे वाटले नाही. हरवलेल्या वस्तूंची यादी तिने दोनदा वाचायला लावली. "मांजराक कोण घालता खावक?" असे तिने विचारले. ते पुस्तकात नव्हते. ती मला तांदळाचे घावणे देई, वर ओले खोबरे आणि गूळ. मी खाई. भरणी जवळच असे, आणि तिचा खारा, उग्र वास पडवीभर असे. तेरा-चौदा दिवसांत ती गळ्यापर्यंत आली.

शेवटच्या पानाच्या आदल्या संध्याकाळी मी थकलो होतो. चौदा वर्षांच्या मुलाला थकवा नसतो असे म्हणतात. मला होता. रोज सकाळी एक नाव घेणे आणि रोज दुपारी एक कथा तिच्या शेवटाकडे ढकलणे, यांत मी पुरता दमलो होतो, आणि त्या दोन्हींचे टोक एकच आहे हे मला कळू लागले होते. मी ठरवले की शेवट आपण रचायचा. दिगूचा शेवट. तो परत येतो. तिला बरे वाटेल, पुढचे पुढे बघू. वाक्ये मी मनात जुळवून पाठ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचले. ओहोटीची सकाळ, किनाऱ्यावर उभा असलेला मुलगा. "पाण्याखालून घंटेचा आवाज आला आणि" इथे मी पान उलटले आणि पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर नजर ठेवून पुढे वाचू लागलो. वाट उघडली, धुक्यातून छत्रीवाल्याचा मुलगा चालत येताना दिसला, त्याच्या खांद्यावर ते मांजर होते. माझा आवाज बरा चालला होता. दोन-तीन वाक्ये झाल्यावर भागीकाकीने कोयता खाली ठेवला.

"यशा," ती म्हणाली. "माका वाचूक येणा नाय. पण कोरो कागद दिसता."

मी थांबलो.

"ह्यां दिगून् सांगलेलां. तो येतलो म्हणान. तुमचां भांडण माका ठाऊक आसा. तू काय सांगत होतंस, तां सांग."

मी म्हणालो, "मी उगीच सांगत होतंय, काकी."

"उगीच तर उगीच. सांग."

पडवीच्या पलीकडे, सोले पसरलेल्या सुपावर माश्या बसत होत्या. मी त्यांच्याकडे बघून सांगितले. "तो येवक नाय."

मग तिने विचारले, "मगे दुसऱ्यान् काय केल्यान?"

याचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नव्हता. इतके वाद घातले, पण किनाऱ्यावर उभा राहिलेल्याचे काय, हे दिगूने विचारले नाही आणि मीही नाही.

"घराक गेलो," मी म्हणालो.

"आणि?"

"काम केल्यान. बापाशीबरोबर."

"जेवलो?"

"जेवलो."

"आणि घंटा वाजली तर?"

"ऐकल्यान," मी म्हणालो. "पण गेलो नाय."

"बरां," भागीकाकी म्हणाली. तिने पदराने हात पुसले. रडली नाही. मला वाटते ती त्या वेळी फार दमलेली होती, माझ्याहून जास्त. "फाल्यां भटाक बोलवूक सांगतंय. सुतकात घरात म्हावरां चलणा नाय. उठ. ती भरणी हंय आण."

मी भरणी ओढून आणली. तिने केळीची पाने आडवी टाकली आणि खारवलेली मासळी बाहेर काढून वाटे मांडायला सुरुवात केली. चार, चार, पाच, चार. हात तिचा तांडेलाच्या हातासारखा चालत होता. मांडून झाल्यावर तिने मला सांगितले, "पाठ कर." मी पाठ केली. समोर पडवीचा कुड होता, त्यावर दिगूची पांजरण्याची सुई आणि सुताचे बिंडे खोचलेले होते. जाळे दुरुस्त करायची ती सुई. पायाखाली शेणाची जमीन होती, काठी नव्हती. तिने हातानेच पान दाबले असावे.

"ह्यो कोणाचो?"

"भिवाचो."

"ह्यो कोणाचो?"

"बाबल्याचो."

"ह्यो कोणाचो?"

मी थांबलो. तिने पुन्हा विचारले नाही, घाई केली नाही.

"पांडूचो," मी म्हणालो.

"ह्यो कोणाचो?" तिने पुढच्या वाट्याचे विचारले, आणि आम्ही पुढे गेलो. शेवटचे नाव धाकूकाकांचे घेतले. ती म्हणाली, "तो हंयच ऱ्हवांदे." मी वळलो. एकवीस पाने होती. एकही वाटा नावावाचून उरला नव्हता.

इथे थोडे विषयांतर करतो. बंदर खात्यात मी पुढे छत्तीस वर्षे भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या. मोजणे हे माझे कामच झाले. तरीही त्या सकाळचा साधा हिशोब मला पन्नाशी उलटल्यावर सुचला. बारा ऑक्टोबरला मी चुकून बावीस नावे घेतली, हे खरे. पण रापणीत माणसे एकवीस उरली होती. वाटे एकवीसच असते तर माझ्या चुकीमुळे शेवटचा माणूस रिकाम्या हाताने घरी गेला असता, आणि चूक तिथल्या तिथे उघड झाली असती. कोणीही रिकाम्या हाताने गेले नाही. म्हणजे मी तोंड उघडण्याच्या आधी, मी पाठ करण्याच्याही आधी, वाळूवर बावीस वाटे मांडलेले होते. ते धाकूकाकांनी स्वतः मांडले होते. हाताच्या सवयीने, की जाणून, हे मी सांगू शकत नाही. हे सुचले तेव्हा ते हयात नव्हते. असते तरी मी विचारले नसते. एवढी वर्षे मी ती चूक एकट्याची समजून बाळगली होती, आणि नंतरही तशीच बाळगली. ओझे निम्मे झाले म्हणून ते खाली ठेवता येतेच असे नाही.

त्या दुपारी मी वीस पुड्या बांधल्या आणि टोपलीतून घरोघर पोहोचवल्या. भिवाच्या आजीने पुडी हुंगली, माझ्याकडे बघितले आणि ती चुलीच्या वर, धुरात ठेवली. पांडूने दोन्ही हातांनी घेतली. परत आलो तेव्हा धाकूकाका पडवीत जेवायला बसले होते. पानात पेज होती आणि खारवलेला बांगडा भाजून ठेवला होता. भागीकाकीने मला शेजारी बसायला सांगितले. धाकूकाकांनी आपल्या पानातला अर्धा बांगडा मोडून माझ्या पानात ठेवला. आम्ही जेवलो. मासा फार खारट होता, दोन घोट पेजेमागे चिमूटभर पुरे. ते म्हणाले, "फाल्यां सकाळी ये. एकवीस नावां." उद्या येतो, असे मी सांगितले.

घरी जाण्यापूर्वी मी रिकामी भरणी विहिरीवर नेली. तळाला मिठाचा थर घट्ट बसला होता. तो नारळाच्या काथ्याने खरवडून काढला, तीन पाण्यांनी भरणी धुतली, वास गेला की नाही ते बघितले, चौथे पाणी घातले, आणि ती त्यांच्या मागच्या ओट्यावर पालथी घातली.